पापडासारखी वळलेली शुभेच्छापत्रं

गेल्या संक्रांतीला मी वीस शुभेच्छापत्रं केली. जाड कोरं कार्ड, त्यावर स्वतः रंगवलेला कागद आणि कोपऱ्यात हलव्याची चिमुकली पुडी. रात्री चिकटवून टेबलावर मांडली. सकाळी बघते तर सगळी पापडासारखी वळलेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गोंद कमी पडला असणार गं." मी आणखी गोंद लावला. ती आणखी वळली.

दोष गोंद कमी पडल्याचा नव्हताच. झालंच असेल तर पाणी जास्त झालं होतं. घरी पार्श्वभूमीचा कागद करायचा म्हटलं की रंग कुठला, नक्षी कशी, यावर आपण तासभर बोलतो. कागद ओला झाला की काय करतो, हे कोणी विचारत नाही. निम्मे गैरसमज तिथेच जन्मतात.

कागद म्हणजे तंतूंची जाळी. पाणी प्यायल्यावर तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र चांगला फुगतो. यंत्रावर केलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपलेले असतात. छापखान्यात या दिशेला ग्रेन म्हणतात. त्यामुळे ओला कागद ग्रेनला आडवा ताणला जातो आणि वाळताना तितकाच आखडतो. माझा रंगीत कागद गोंदाच्या पाण्याने ताणलेला असतानाच कार्डाला चिकटला, मग आखडला आणि कार्डाला सोबत घेऊन वळला. यावर उपाय म्हणजे कागद आणि कार्ड दोन्हींचा ग्रेन एकाच दिशेला ठेवायचा, गोंद पातळ थरात लावायचा आणि कार्ड रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवायचं. तरीही वळलं तर आतल्या बाजूला तसाच एक साधा कागद चिकटवायचा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की ते सरळ राहतं.

ग्रेन ओळखायला उपकरण लागत नाही. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने मुकाट्याने वाकतो, त्या दिशेची घडी ग्रेनला समांतर असते. बाजारातल्या बहुतेक ए-४ कागदांत ग्रेन लांब बाजूने जातो. म्हणूनच २५० जीएसएमचा ए-४ कागद मधोमध दुमडला की घडीवर तडकतो. तिथे आधी रिकाम्या रिफिलच्या पेनने पट्टी धरून रेघ दाबून घ्यावी. हातकागदात ही भानगड बरीच कमी, कारण लगदा चाळणीवर घेताना ती सगळीकडे हलवतात आणि तंतू वाटेल तसे पडतात.

"हातकागद महाग, तो आपल्याला कुठे परवडणार?" हेही नेहमी ऐकू येतं. पण सगळं कार्ड हातकागदाचं करायला सांगितलंय कोणी? वरची एक पट्टी पुरते. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं तर नावच कागद करणाऱ्यांवरून पडलं. कधी त्या वाटेने गेलात तर दोन ताव घेऊन या.

"चित्र काढता यायला हवं" हा गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो, कारण त्यापायी कितीतरी जण सुरुवातच करत नाहीत. शाळेत आपण भेंडीचे ठसे मारले, टूथब्रशने रंग फवारला, रंगात भिजवलेला दोरा दुमडलेल्या कागदातून ओढला. ती सगळी पार्श्वभूमीचीच कामं होती. त्याहून सोपा आहे खळीचा कागद. पाव वाटी मैदा दीड वाटी पाण्यात गुठळ्या न होता कालवून मंद आचेवर शिजवा, पारदर्शक झाला की उतरवा, गार झाल्यावर गाळून पोस्टर कलर मिसळा. ओलसर कागदावर ही रंगीत खळ ब्रशने पसरा आणि जुनी फणी ओढा. सरळ, नागमोडी, आडवी-उभी. फणीच्या दातांतून कागदाचा पांढरा रंग डोकावतो आणि नक्षी तयार होते. युरोपातले पुस्तक बांधणारे अठराव्या शतकात असेच कागद मुखपृष्ठाला लावत. वाळलेला कागद सुरकुतेल, घाबरू नका. मागच्या बाजूने कोमट इस्त्री फिरवली की बसतो. एक सांगून ठेवते: जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, घरच्या भांड्यात नको. लागेल तेवढीच खळ करा आणि उरलेली दोन दिवसांत टाकून द्या.

पाण्यावर रंग तरंगवून त्यांची नक्षी कागदावर उचलायची, हे मार्बलिंग. त्याच्या कागदाला लोक "इटालियन" म्हणतात. इटलीत तो होतो, हे खरं. पण त्याआधी तो इराण-तुर्कस्तानात होता. तुर्कस्तानातली एब्रू कला युनेस्कोच्या वारसा यादीत २०१४ साली आली. आणि आपल्या दख्खनेत, विजापूरच्या आदिलशाहीत सतराव्या शतकात अशाच कागदांवर हाडं दिसणाऱ्या घोड्यांची अफलातून चित्रं झाली. अशा कागदाचं फारसी नाव अब्री, म्हणजे ढगाळ. 'अब्र' म्हणजे ढग, आपल्या 'अभ्रा'चा भाऊबंद. रंग तरंगायला नुसतं पाणी पुरत नाही, ते दाट असावं लागतं. जुन्या कृतींत त्यासाठी मेथीचा चिकट अर्क वापरत, आणि मेथी आपल्या प्रत्येक डब्यात आहे. कागदावर आधी तुरटीचं पातळ पाणी फिरवून वाळवलं की रंग धरून राहतो. पातळच, कारण तुरटीचं आम्ल जास्त झालं तर कागद पुढे ठिसूळ होतो. ऑइल कलर साध्या पाण्यावरही तरंगतो, पण त्याचा तेलकट डाग मागे उमटतो आणि त्यावर गोंद धरत नाही.

रंगांबाबत दोन्ही बाजूंचे लोक चुकतात. "नैसर्गिक तेच टिकतं" म्हणणारे हळदीचा कागद उन्हाच्या खिडकीत ठेवून बघोत. काही दिवसांत फिका पडतो. बीटही तसंच. हळदीला चुना किंवा सोडा लागला तर ती लाल होते, कुंकू जुन्या पद्धतीने असंच होत असे. "नैसर्गिक रंग टिकतच नाहीत" म्हणणाऱ्यांनी मग वारली चित्रामागची भिंत बघावी. गेरू म्हणजे लोहाची माती, काजळी म्हणजे कार्बन. उन्हाने यांचं काही बिघडत नाही. थोडी खळ घालून गेरू लावलेल्या कागदाला मी अजून तोड पाहिली नाही. बाजारातली चमकी मात्र बहुतेक प्लास्टिकचीच असते. ती वर्षभर सतरंजीत सापडते आणि तो कागद रद्दीतही जात नाही.

शेवटचा गैरसमज: कागद बिघडला. पुठ्ठ्यात कार्डाच्या मापाची, म्हणजे १०५ गुणिले १४८ मिलिमीटरची खिडकी कापा आणि ती "बिघडलेल्या" तावावर सरकवत न्या. पूर्ण ताव पाहताना जो पसारा दिसतो, त्यात खिडकीपुरती एक छान जागा बहुतेक वेळा असतेच. पेन्सिलीने तिथे खूण करा आणि कापा. माझ्या त्या वळलेल्या विसांपैकी चौदांचे कागद मी सोलून असेच पुन्हा वापरले. उरलेल्या सहांवर काकूंनी याद्या लिहिल्या.