प्रवेश दिला, पण टिकवणार कोण?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावच्या रुग्णालयात लोइस नावाची ॲबोरिजिनल तरुणी सहायक परिचारिका म्हणून काम करीत होती. पूर्ण शिक्षण घेऊन सिस्टर व्हावे, म्हणून तिने रॉयल ॲडलेड हॉस्पिटलचा दरवाजा ठोठावला. तिथल्या मेट्रनने तिला सुनावले की, ॲलिस स्प्रिंग्जला जा आणि तुझ्या लोकांची सेवा कर. गंमत अशी, की आपले लोक कोण हे त्या मुलीला धड ठाऊकही नव्हते. दोन वर्षांची असतानाच तिला आईपासून तोडून मिशनच्या बालगृहात टाकले होते. ज्यांनी लोक हिरावले, तेच आता ‘तुझ्या लोकांत जा’ म्हणत होते!

ती गप्प बसली नाही. राज्याचे प्रीमियर थॉमस प्लेफोर्ड यांच्यापर्यंत तिने दाद मागितली, सभांमधून बोलली. १९५४ साली तिला प्रवेश मिळाला आणि त्या रुग्णालयातली ती पहिली ॲबोरिजिनल विद्यार्थिनी परिचारिका ठरली. पुढे ती वॉर्डप्रमुख सिस्टर झाली. १९६२ च्या सुमारास बॅप्टिस्ट मिशनबरोबर ती आपल्या आसाममध्ये शुश्रूषेचे काम करीत होती. चीनचे युद्ध सुरू झाले, म्हणून परतावे लागले. हीच बाई पुढे लोविचा ओडोनोह्यू या आपल्या मूळ नावाने जगाला माहीत झाली. १९९० मध्ये मूळ रहिवाशांच्या राष्ट्रीय आयोगाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले.

हे सांगायचे कारण असे, की आज त्या देशात ॲबोरिजिनल मुलीला असा दरवाजा कोणी तोंडावर लावू शकत नाही. उलट मदतीच्या योजना भरपूर आहेत. १९६९ पासून ‘ॲबस्टडी’ आहे. त्यातून उत्पन्नाची अट पाहून दर पंधरवड्याला निर्वाहभत्ता मिळतो, शिवाय दूरच्या विद्यार्थ्याला प्रवासखर्च आणि राहण्याची मदतही. २००२ पासून पगी हंटर यांच्या नावाने शिष्यवृत्ती आहे. हे गृहस्थ ॲबोरिजिनल समाजाच्या स्वतःच्या आरोग्य केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते, २००१ मध्ये वारले. नर्सिंग आणि मिडवाइफरी शिकणाऱ्यांना ही शिष्यवृत्ती मिळते. २०२४ पासून पात्र ठरलेल्या प्रत्येक मूळ रहिवासी विद्यार्थ्याला नर्सिंगच्या पदवीसाठी सरकारी अनुदानाची जागा देणे बंधनकारक झाले आहे. उरलेली फी कर्जाऊ मिळते आणि कमाई ठराविक मर्यादेवर गेल्यावरच करातून वळती होते.

यावर ‘हे लाड कशाला?’ असे विचारणारे तिथेही आहेत. आपल्या वाचकांना हा सूर नवा नाही. उत्तर कायद्यात आहे. १९७५ च्या तिथल्या वंशभेदविरोधी कायद्याच्या कलम ८ मध्ये ‘विशेष उपाय’ मान्य केले आहेत, आणि त्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९८५ मध्ये गर्हार्डी विरुद्ध ब्राउन या खटल्यात त्या कलमाखालीच एक कायदा वैध ठरवला. ज्याला भेदभावाने मागे ठेवले, त्याला बरोबरीत आणण्यासाठी दिलेली सवलत हा भेदभाव नव्हे, असा त्याचा अर्थ.

मग प्रश्न सुटला का? नाही. २०२१ मध्ये ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरील लोक एकूण लोकसंख्येच्या ३.८ टक्के होते. नर्स आणि मिडवाइफ यांच्यात मात्र त्यांचा वाटा दीड टक्क्याच्या आसपासच आहे.

याचे कारण शोधायचे तर शिडी नीट पाहावी लागते. खालच्या पायरीवर आहे सहायक, काही महिन्यांचे प्रमाणपत्र. त्यावर ‘एन्रोल्ड नर्स’, दीड ते दोन वर्षांची पदविका. त्यावर ‘रजिस्टर्ड नर्स’, तीन वर्षांची पदवी. मिडवाइफची पदवी वेगळी घेता येते, किंवा नर्स झाल्यावर पुढे शिकता येते. सर्वांत वर नर्स प्रॅक्टिशनर, जी औषधेही लिहून देऊ शकते. खालून वर जाताना आधीच्या शिक्षणाची सूट मिळते, म्हणून कागदावर ही शिडी सुंदर दिसते. पण ज्या बाईला दोन मुले आहेत आणि जिचे विद्यापीठ आठशे किलोमीटरवर आहे, ती दुसऱ्या पायरीवरच थांबते. पदवीसाठी रुग्णालयात किमान ८०० तास काम शिकावे लागते आणि त्याचा पगार नसतो. त्या आठवड्यांत घर कसे चालवायचे? अखेर १ जुलै २०२५ पासून सरकारने या काळासाठी आठवड्याला ३०० हून अधिक डॉलर देणे सुरू केले, तेही उत्पन्नाच्या अटीवर. हे सर्वच विद्यार्थ्यांसाठी आहे, पण ज्याच्या मागे घरचा आधार नाही त्याला त्याची गरज जास्त.

माझ्या वकिलीच्या टेबलापुढे नर्सिंगच्या मुली बसतात त्या प्रवेश नाकारला म्हणून क्वचितच. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही आणि कॉलेजने मूळ कागदपत्रे अडवून धरली, म्हणून येतात. त्यामुळे हे दुखणे मला समुद्रापलीकडचे वाटत नाही.

तिथल्या नर्सेसनी ते फार आधी ओळखले. विराड्जुरी समाजाच्या सॅली गूल्ड यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये मूळ रहिवासी नर्सेसची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे तिच्या नावात मिडवाइफही आल्या. २००२ मध्ये नर्सिंग शिक्षणावर एक अहवाल निघाला, त्याचे नावच बोलीभाषेत होते: ‘गेटिन एम अँड कीपिन एम’. म्हणजे त्यांना आणा, आणि टिकवा. टिकवणे म्हणजे शिकवणी, वसतिगृह, वर्गात आपल्या समाजाची एखादी तरी प्राध्यापिका, आणि गावी राहून ठराविक आठवड्यांपुरतेच विद्यापीठात येण्याची सोय.

या सगळ्याची निकड बाळंतपणात कळते. दूरच्या वस्त्यांतल्या गरोदर बाईला दिवस भरण्याच्या काही आठवडे आधी शहरात पाठवतात. भोवती ना आई, ना बहीण, ना ओळखीची भाषा. ज्या समाजाने सरकारी माणसे मुले उचलून नेताना पाहिली, त्या समाजातल्या बाईने अनोळखी रुग्णालयात निर्धास्त कसे राहावे? ब्रिस्बेनमध्ये २०१३ पासून ॲबोरिजिनल आरोग्य संस्था आणि एका मोठ्या प्रसूती रुग्णालयाने मिळून एक उपक्रम चालवला. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत एकच ओळखीची मिडवाइफ आणि सोबत समाजातल्याच कार्यकर्त्या. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे तिथे लक्षणीय कमी झाली. हे २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही पद्धत सगळीकडे न्यायची तर त्या समाजातल्या मिडवाइफ हव्यात. त्या आणायच्या कुठून? त्याच शिडीवरून.

सरकारच्या २०२१ ते २०३१ च्या आराखड्यात आरोग्यक्षेत्रातील मूळ रहिवाशांचा वाटा ३.४३ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य आहे. आकडा गाठला जाईलही. सहायकांची भरती वाढवूनही आकडा वाढतो. पण त्याच आराखड्यात सर्व शाखा आणि सर्व पदे असेही लिहिले आहे. वकील म्हणून मी टक्क्यावर नव्हे, त्या दुसऱ्या शब्दांवर बोट ठेवीन, आणि दरवर्षी विचारीन की नव्या भरतीतल्या किती जणी सहायक आहेत आणि किती सिस्टर.