भाजीचे सार

वसंत ऋतूतील पहाट. पिंपरी, चिंचवड आणि चाकण येथील कारखान्यांची रात्रपाळी संपते व कामगार घराकडे वळतात. त्याच सुमारास खेड तालुक्यातील शेतकरी नवा कांदा आणि ताजी भाजी घेऊन चाकणच्या बाजाराकडे निघालेले असतात. कारखाना व मळा यांचा शेजार या भागात असा रोज दिसतो.

रात्रभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला आल्याबरोबर जड अन्न रुचत नाही. अशा वेळी वाटीभर गरम सार घेतले की जिवाला बरे वाटते. हे सार कसे करतात, ते पाहू या.

चैत्रात शेवग्याच्या शेंगा विपुल मिळतात. तीन शेंगा, दोन टोमॅटो व एक कांदा प्रथम स्वच्छ धुवावा आणि मगच चिरावा. त्यांत अर्धा तास भिजवलेली दोन चमचे मुगाची डाळ व पाच वाट्या पाणी घालून, झाकण ठेवून सर्व मऊ शिजवावे. शेंगांतील गर चमच्याने काढून घ्यावा, बाकीचे घोटून गाळावे आणि गर त्यात मिसळावा. तुपात जिरे, हिंग व कढीपत्ता यांची फोडणी द्यावी. चवीपुरते मीठ व किंचित गूळ घालून एक उकळी आणावी. कोथिंबीर मात्र सार खाली उतरवल्यावर घालावी. पातेले उतरवताना घरातील मोठे माणूस जवळ असावे.

या प्रत्येक कृतीला कारण आहे. ‘ब’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. म्हणून चिरलेली भाजी धुतली किंवा उकडलेल्या भाजीचे पाणी ओतून दिले, तर त्यांचा मोठा अंश वाया जातो. सारात ते पाणी आपल्या पोटात जाते. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेनेही नाश पावते. यास्तव भाजी फार वेळ उकळू नये आणि कोथिंबीर शेवटी घालावी. टोमॅटो व कोथिंबीर यांतील ज्या द्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, ते स्निग्ध पदार्थाबरोबर अधिक चांगले शोषले जाते. तुपाची फोडणी केवळ स्वादासाठी नव्हे, ती अशी.

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढे तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीन अनेक रोगजंतूंचा नाश करते. परंतु आजाराने खालावलेले शरीर पुन्हा भरून येण्यास अन्नच लागते. सार हे औषध नव्हे. आजाऱ्याला औषध वैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावे. पण पचायला हलके अन्न म्हणून साराचा त्याला आधार होतो.

मुलांनो, ‘सार’ या शब्दाचा एक अर्थ ‘सत्त्व’ असाही आहे. तुमच्या घरी भाजी उकडली जाईल, तेव्हा तिचे पाणी मोरीत जाते की पातेल्यात राहते, याकडे अवश्य लक्ष द्या.