‘बदली’ : एक शब्द, दोन अनुभव

धनाविषयीची मते माणूस विचारान्ती बनवितो, अशी सामान्य समजूत आहे. त्यामुळे जो साठवितो तो विवेकी आणि जो साठवीत नाही तो उधळा, असा निवाडा सहज दिला जातो. मुंबईतील गिरगाव-दादरची मध्यमवर्गीय वस्ती आणि परळ-लालबागचे गिरणगाव यांच्या बोलीतील अर्थव्यवहाराचे शब्द शेजारी ठेवून पाहिले असता हा निवाडा टिकत नाही.

‘बदली’ हाच शब्द घ्यावा. गिरगावातील कारकुनाच्या तोंडी त्याचा अर्थ स्थानांतर. जागा बदलली तरी पगार अबाधित. गिरणीत मात्र ‘बदली’ म्हणजे कायम कामगार गैरहजर राहिल्यास त्याच्या जागी घेतला जाणारा माणूस. पाळीच्या वेळी त्याने फाटकाशी जावे. जागा रिकामी असेल तर त्या दिवसाची मजुरी, नसेल तर रिकाम्या हाताने परत यावे. एकाच शब्दात एका वस्तीने स्थैर्य अनुभवले, दुसरीने अनिश्चितता.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण दोन्ही वस्त्यांत प्रचलित आहे. परंतु थेंब नियमाने पडत राहतील, हे तिच्या पोटी गृहीत धरलेले असते. ठरल्या तारखेचा पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि कित्येकांस निवृत्तिवेतन असणाऱ्या वर्गाच्या बाबतीत ते गृहीत बहुतांशी खरे ठरले. त्या वर्गास पतपेढ्यांचा आधारही लाभला. १९१८ साली स्थापन झालेली सारस्वत बँक हे त्याचे ठळक उदाहरण होय. म्हणून ‘मुदत ठेव’ हा शब्द त्यास विश्वासाचा वाटतो. उद्याच्या कामाचीच खात्री नसलेल्यास मुदतीचे बोलणे परके वाटल्यास नवल नाही.

गिरणगाव साठवीत नव्हते, असे मात्र नाही. दरमहा ठरावीक वर्गणी जमवून ती पाळीपाळीने एकेकास देणारी भिशी, अडीनडीला गहाण ठेवता येणारे सोने, गावकऱ्यांची सामाईक खोली आणि गावी जाणारी मनिऑर्डर, ही त्याची साठवण होती. आपत्काली उपयोगी पडावे म्हणून धन येथे माणसांत गुंतविलेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. पगार थांबताच अनेकांनी गावची वाट धरली, तेव्हा हीच गुंतवणूक कामी आली. त्याच संपाने आणखी एक धडा दिला. बदली कामगार ज्या ‘कायम’ शब्दाकडे आशेने पाहत असे, ते कायमपणही हजारोंच्या बाबतीत संपुष्टात आले.

अनुभवाचा हा ठसा एका शहरापुरता मर्यादित नाही. उलरीके माल्मेंडियर व श्टेफान नागेल यांनी अमेरिकेतील कुटुंबांच्या माहितीवरून २०११ साली दाखविले की, ज्यांच्या आयुष्यात शेअरबाजाराचा परतावा अल्प राहिला, ते पुढे शेअरमध्ये पैसा घालण्यास कमी राजी असतात. अलीकडच्या अनुभवाचा प्रभाव अधिक असतो. तथापि जुना अनुभव कित्येक वर्षे पुसला जात नाही.

मग अशी धारणा बदलते कशी ? खानावळी चालविणाऱ्या गिरणगावातील स्त्रिया याचे उत्तर देतात. वाण्याची उधारी आणि सावकाराचे जबर व्याज यांत त्या अडकल्या होत्या. बँक आपल्यासाठी नाही, ही त्यांची समजूत अनुभवाला धरूनच होती. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. मंडळाच्या द्वारे या स्त्रियांस बँकेचे कर्ज मिळू लागले. कर्ज हाती आले, ते फेडले गेले आणि पुन्हा मिळाले, तेव्हा ‘बँक’ या शब्दाचा अर्थ त्यांच्यापुरता पालटला.

तात्पर्य, धनविषयक धारणा या भोगलेल्या दिवसांचा संचय होत. नवा अनुभव हाती न देता केलेला काटकसरीचा उपदेश ऐकणाऱ्यास निराधार वाटतो, आणि त्याच्या अनुभवाच्या दृष्टीने तो निराधारच असतो.