जुन्या ट्रॅक्टरचं टायमिंग कानावर लावू नका

जुन्या ट्रॅक्टरची ओढ कमी झाली, धूर वाढला, की पहिला संशय टायमिंगवर जातो. मग डिझेल पंपाच्या फ्लँजचे नट सैल करायचे, पंप जरासा ॲडव्हान्सला सरकवायचा, आवाज कडक झाला की नट आवळून मोकळं व्हायचं. या उपायामागे दोन समजुती आहेत. एक, वापरून वापरून टायमिंग आपोआप हलतं. दुसरी, ते ॲडव्हान्स केलं की ताकद वाढते. दोन्ही बहुतांशी चुकीच्या आहेत आणि त्यांची भरपाई शेतकऱ्यालाच करावी लागते, कधी हेड गॅस्केट बदलून, कधी पिस्टन बदलून.

मुळात टायमिंगची आपली कल्पना पेट्रोल इंजिनावरून आलेली आहे. इंग्लंडमधल्या फर्ग्युसन टीई-२० सारख्या ट्रॅक्टरांच्या पेट्रोल आणि रॉकेलवर चालणाऱ्या प्रकारांना डिस्ट्रिब्युटर होता, प्लग होते; तिथे ठिणगी कधी पडावी हे लावावं लागे. आपल्या शेतांतले जुने ट्रॅक्टर बहुतेक सगळे डिझेलचे. त्यांत ठिणगी नसतेच. पिस्टन हवा साधारण १६ ते १८ पट दाबतो, ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून फवारलेलं डिझेल तिच्यात आपोआप पेटतं. पण फवारताक्षणी नाही. मध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वेळ जातो. हा वेळ नगण्य वाटतो, पण २,००० आरपीएमला तेवढ्यात क्रँक १२ अंश फिरलेला असतो. म्हणूनच पिस्टन वर पोचण्याच्या काही अंश आधी फवारा सुरू व्हावा लागतो. ते किती अंश आधी, हे त्या मॉडेलचा दहनकक्ष, नोझल आणि कॅम पाहून कंपनीने ठरवलेलं असतं.

आता त्याहून आधी फवारलं तर काय होतं? हवा अजून पुरेशी दाबलेली आणि तापलेली नसते, त्यामुळे डिझेल पेटायला जास्त वेळ घेतं. तोवर आणखी डिझेल आत साठतं आणि मग ते सगळं एकदम भडकतं. तो कडक ‘टक-टक’ आवाज ताकदीचा नव्हे, दाब एकाएकी चढल्याचा असतो. पिस्टन वर येत असतानाच तो दाब त्याच्या डोक्यावर बसतो. मार गॅस्केट, पिस्टन आणि बेअरिंग खातात. उलट टायमिंग लेट असेल तर दहन उशिरापर्यंत रेंगाळतं, उष्णता कामाला न येता सायलेन्सरवाटे जाते, इंजिन तापतं, थंडीत सुरू करताना पांढरा धूर येतो.

काळा धूर मात्र बहुधा वेगळीच तक्रार सांगतो: डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. चोंदलेला एअर क्लीनर, धार सोडणारं नोझल, पंपाचं वाढवून ठेवलेलं डिझेल किंवा झेपणार नाही इतका लोड, यांपैकी काहीतरी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. यांतलं काहीही पंप सरकवून बरं होत नाही.

अनुभवी मिस्त्रीचा कान खोटा कसा, असं कुणी विचारेल. कान खोटा नाही. बिघाड आहे एवढं तो अचूक सांगतो. पण खराब नोझल, ढिला पिस्टन आणि ॲडव्हान्स टायमिंग यांचे आवाज जवळजवळ सारखे येतात आणि अंश कानाला मोजता येत नाहीत. फोर-स्ट्रोक इंजिनात पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे पंपाचा एक अंश हा फ्लायव्हीलवर दोन अंश. फ्लँजच्या कडेला एखादा मिलिमीटर सरकला तरी तेवढा फरक सहज पडतो. दुसरा आक्षेप झिजेचा. गियर झिजले की फवारा थोडा उशिरा सुरू होतो, हे खरं. पण नोझलची स्प्रिंग मऊ पडली की तो लवकर सुरू होतो. झीज नेमकी कुठे आहे हे न पाहता ॲडव्हान्स करणं म्हणजे निव्वळ अंदाज. आणि ‘हल्लीच्या डिझेलमध्ये दम नाही, म्हणून ॲडव्हान्स हवं’ हे तर पूर्ण उलटं आहे. भारत स्टेज ३ पासून डिझेलचा सीटेन क्रमांक किमान ५१ आहे, पूर्वी तो कमी होता. सीटेन जास्त, तर पेट लवकर.

इनलाइन पंपावर खरी तपासणी अशी होते. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर घ्यायचा. एक्झॉस्टच्या टीडीसीवर, म्हणजे एक्झॉस्टच्या वेळी पिस्टन सर्वांत वर असताना, घेतला तर सगळंच उलटं बसतं. त्याच्या लाइनचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून वाकडी नळी लावायची, लीव्हर डिझेलवर ठेवायचा आणि इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हळूहळू फिरवायचं. नळीतली धार बारीक होते, तुटते, थेंब पडू लागतात. थेंबही थांबायला आले की तोच फवाऱ्याचा आरंभ. त्या क्षणी फ्लायव्हीलवरची खूण खिडकीत दिसली पाहिजे. खूण पुढे गेली तर उलटं फिरवून तिथेच थांबायचं नाही. बरंच मागे जाऊन पुन्हा सरळ दिशेने यायचं, नाहीतर गियरमधला ढिलेपणा मापात शिरतो. रोटरी पंपाला ही रीत चालत नाही, तिथे कंपनीने दिलेल्या खुणाच जुळवायच्या.

पंप किंवा टायमिंग गियर उतरवले असतील, इंजिन खोललं असेल किंवा फ्लँजचे नट सैल सापडले असतील, तर टायमिंग जरूर तपासावं. एरवी आधी एअर क्लीनर साफ करा, डिझेल फिल्टर बदला, लाइनमध्ये हवा धरली आहे का पाहा, नोझल टेस्टरवर लावून घ्या. एवढं करूनही तक्रार राहिली तरच पंपाच्या नटांना पाना लावा, आणि तोही आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला अंश समोर ठेवून.