नऊ ऑगस्टची मूक पदयात्रा

गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापासून गवालिया टँक मैदानापर्यंतची वाट फार लांबची नाही. दर 9 ऑगस्टला सकाळी स्वातंत्र्यसैनिक, त्यांचे कुटुंबीय, कार्यकर्ते आणि विद्यार्थी ती पायी चालत जातात. डोक्यावर गांधी टोपी, हातात फलक, बहुतेकदा पावसामुळे छत्रीही. घोषणा मात्र एकही नाही. 'चले जाव' आंदोलनाच्या स्मृतीचा मुंबईतला हा सर्वांत साधा आणि सर्वांत अर्थपूर्ण कार्यक्रम म्हणावा लागेल.

काँग्रेस महासमितीने 'चले जाव'चा ठराव मंजूर केला तो 8 ऑगस्ट 1942 रोजी, याच मैदानावर. 'करेंगे या मरेंगे' हा गांधीजींचा मंत्रही त्याच रात्रीचा. 'क्विट इंडिया' ही घोषणा सुचवण्याचे श्रेय मुंबईचे तेव्हाचे महापौर युसुफ मेहेरअली यांना दिले जाते. तरीही लोकांनी स्मृतिदिन म्हणून निवडला तो दुसरा दिवस. 9 ऑगस्टची पहाट उजाडेपर्यंत गांधीजींसह बहुतेक मोठे नेते पकडले गेले होते. मैदानावर सभाबंदी आणि पोलिसांचा पहारा होता. तिथे अरुणा असफ अली यांनी तिरंगा फडकवला आणि जमलेल्या लोकांवर अश्रुधूर सोडण्यात आला. संध्याकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर गांधीजींच्या जागी कस्तुरबा बोलणार होत्या; सभेला निघतानाच त्यांनाही अटक झाली. त्या कैदेतून त्या परतल्या नाहीत. 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांचे निधन झाले. नेते तुरुंगात असताना लोकांनी आपणहून चालवलेल्या लढ्याचा हा दिवस आहे, म्हणूनच त्याला भाषणांपेक्षा चालणे अधिक शोभते.

गवालिया टँकचे पुढे ऑगस्ट क्रांती मैदान झाले. तिथल्या स्मारकाला सरकारी मानवंदनाही दिली जाते. मूक पदयात्रा मात्र नागरिकांची. ती वर्षानुवर्षे टिकवण्यात डॉ. जी. जी. परीख यांचा वाटा मोठा. 1942 मध्ये विद्यार्थी असताना ते आंदोलनात उतरले आणि त्यांनी दहा महिने तुरुंगवास भोगला. पुढे 1961 साली त्यांनी सहकाऱ्यांसह युसुफ मेहेरअली सेंटर स्थापन केले. शंभरीत पोहोचलेला हा माणूस 9 ऑगस्ट चुकवत नसे. 2 ऑक्टोबर 2025 रोजी, गांधी जयंतीलाच, त्यांचे निधन झाले. या पदयात्रेला अडथळेही आले. 2023 मध्ये तिच्यासाठी घरून निघालेले गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांना पोलिसांनी सांताक्रूझ ठाण्यात थांबवून ठेवले होते. सुटल्यावर ते मैदानाकडे गेले.

मुंबईच्याच गिरणगावातली, लालबाग-परळची आठवण मात्र थोडी वेगळी आहे. महायुद्धात सोव्हिएत रशिया उतरल्यानंतर कम्युनिस्टांनी ते लोकयुद्ध मानले आणि ते 'चले जाव'पासून दूर राहिले. गिरण्यांत लाल बावट्याचा जोर असल्याने त्याचा परिणाम गिरणगावातही जाणवला. अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या, तसे मुंबईत घडले नाही. पण फेब्रुवारी 1946 मध्ये नौदलातील भारतीय नाविकांनी ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला तेव्हा हेच गिरणगाव त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले. 22 फेब्रुवारीच्या हरताळात परळला झालेल्या गोळीबारात डाव्या चळवळीतील कार्यकर्त्या कमल दोंदे मृत्युमुखी पडल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या. त्या दंगलसदृश दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे दगावल्याचे सरकारी आकडेच सांगतात. नाविकांचे स्मारक कुलाब्यात उभे आहे. परळच्या मृतांच्या वाट्याला मात्र ऑगस्ट क्रांती मैदानासारखी जागा किंवा नऊ ऑगस्टसारखा शहराने मानलेला दिवस आलेला नाही. डाव्या कामगार आणि महिला संघटनांनीच ही नावे जपली आहेत.