चरबी जाते कुठे?

वजन उतरले की चरबी 'जळाली' असे आपण म्हणतो. पण जळून ती जाते कुठे? वर्गात विचारून पाहा. कोणी म्हणेल घामातून, कोणी म्हणेल तिची उष्णता होते. खरे उत्तर आपल्या श्वासात आहे.

चरबीच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. ऊर्जेसाठी शरीर तिचे ऑक्सिडीकरण करते, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. ऑस्ट्रेलियातील रुबेन मीरमन व अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली याचा हिशेब मांडला. १० किलो चरबीपैकी ८.४ किलो उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधून जाते, उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते.

मग भराभर श्वास घेतला तर? नुसते गरगरेल! पेशींनी चरबी वापरली, तरच ती घटते. पोटाला पट्टा बांधून घाम गाळला तर फक्त पाणी जाते; दोन पेले पाणी प्यायले की वजन पूर्ववत.

आता मधल्या सुट्टीतला चहा घेऊ. कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर, ४० किलोकॅलरी. दिवसाच्या चार कपांच्या १६०. तेवढी ऊर्जा खर्चायला ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे पाऊण तास चालावे लागते. म्हणून रोज चालावेच, पण साखरही निम्मी करावी. ताटात तळणापेक्षा उसळ, पालेभाजी, कोशिंबीर वाढवावी. उपास दोन दिवस टिकतो, सवय वर्षानुवर्षे.

आपल्या चहाचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या!