अडकलेल्या मेलचे काय करायचे?

मेल सर्व्हरवर आलेले पत्र इनबॉक्समध्ये पडण्याआधी तपासले जाते. अटॅचमेंटमध्ये व्हायरस किंवा तत्सम घातक प्रोग्राम असल्याचा संशय आला, तर सर्व्हर ते पत्र पुढे जाऊ देत नाही आणि लगेच फेकूनही देत नाही. वेगळ्या जागी अडकवून ठेवतो. या जागेला क्वारंटाइन म्हणतात. २०२० मध्ये मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवले गेले, त्यामुळे हा शब्द रत्नागिरीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच, की शाळेतला माणूस मुदत संपल्यावर घरी जाई. इथले पत्र मुदत संपली की पुसले जाते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये घातक म्हणून अडवलेल्या पत्राला ही मुदत साधारणपणे ३० दिवसांची असते.

अडवण्याची कारणे वेगवेगळी असतात. क्लॅमएव्हीसारखे स्कॅनर फाइल ज्ञात व्हायरसच्या खुणांशी ताडून पाहतात. काही सर्व्हर फाइलचा प्रकार पाहूनच ती थांबवतात. त्यालाही इतिहास आहे: मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसच्या फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि शेवटी ‘व्हीबीएस’ होते. विंडोज शेवटचा भाग लपवत असल्याने लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. पासवर्ड घातलेली झिप फाइल स्कॅनरला उघडताच येत नाही, म्हणून अनेक ठिकाणी तीही अडते.

गोंधळ इथेच होतो, कारण धंद्याची खरी कागदपत्रेही याच रूपात येतात. एप्रिल-मे म्हणजे हापूसच्या निर्यातीची धांदल. परदेशी खरेदीदाराची ऑर्डर मॅक्रो (फाइलच्या आतला छोटा प्रोग्राम) असलेल्या एक्सेलमध्ये येते, कागदपत्रांचा गठ्ठा झिपमध्ये येतो आणि बनावट पत्रेही ‘इन्व्हॉइस’ याच नावाने येतात. पेट्या गाडीत भरून तयार, आणि एक कागद सर्व्हरवर अडकलेला. मग सर्व्हर सांभाळणाऱ्याला निर्यातदाराचा फोन जातो, “आधी सोड, नंतर बघू.” फळमाशी दिसलेली पेटी आधी पाठवू आणि नंतर बघू, असे हाच निर्यातदार कधी म्हणणार नाही. याच माशीपायी युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याला दार बंद केले होते.

पत्र सोडण्याआधी ते का अडले हे पाहावे. व्हायरसचे नेमके नाव दिसत असेल तर विषय संपला. ते सोडायचे नाही. कारण केवळ फाइलचा प्रकार किंवा पासवर्ड असेल, तर पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न अक्षर वाचावा. बनावट पत्त्यात एखादेच अक्षर बदललेले असते. त्यानंतर पाठवणाऱ्याला फोन करावा. नंबर आधीपासून आपल्याकडे असलेलाच हवा, त्या पत्रात छापलेला नव्हे. बहुतेक वेळा तीच फाइल साध्या पीडीएफमध्ये पुन्हा मागवणे सर्वांत सोपे पडते. शंका उरलीच, तर एक दिवस थांबून नव्या अपडेटनंतर फाइल पुन्हा स्कॅन करावी. आज न ओळखलेला व्हायरस उद्या ओळखला जाऊ शकतो. व्हायरसटोटलसारख्या सार्वजनिक सेवेवर फाइल टाकताना मात्र ती इतरांच्याही हाती लागू शकते हे लक्षात ठेवावे. ग्राहकाचे दर असलेले कागद तिथे टाकू नयेत.

सोडण्याचा अधिकार एक-दोघांकडेच असावा. कोणते पत्र, कोणी, कधी आणि का सोडले याची नोंद ठेवावी. व्हायरस सापडल्याचे उत्तर पाठवणाऱ्याला आपोआप जाण्याची सोय बंद ठेवावी, कारण त्या पत्रांवरचा पत्ता सहसा दुसऱ्याच कुणाचा तरी चोरलेला असतो. क्वारंटाइन रोज, निदान हंगामात तरी, उघडून पाहावे. अडवणूक चालू आहे की नाही हे तपासायला आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल मिळते. ती स्वतःलाच मेल करून पाहता येते.

एखादे घातक पत्र चुकून सुटले आणि कुणी उघडले, तर त्या संगणकाचे नेटवर्क ताबडतोब तोडावे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार करावी. कंपन्यांना असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेला कळवणे २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने बंधनकारक आहे.